आधी साखळी सोडा, मग झाडाचं बोला

मे महिना लागला की छावणीत दोन गोष्टी ठरलेल्या. झाडांच्या बुंध्यांना नवा गेरू-चुना लागतो आणि आठवड्याभरात त्यातल्या चार-सहा बुंध्यांची साल कुत्र्यांनी सोललेली दिसते. खाली गेरू, वर पांढरा पट्टा आणि मध्ये ओलसर पिवळं लाकूड उघडं. कुणीतरी फोटो काढतो, तो स्टेशनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि संध्याकाळपर्यंत फर्मान निघतं. ज्यांच्या क्वार्टरमध्ये कुत्री आहेत त्यांनी ती दिवसभर बांधून ठेवावीत, बाहेर काढताना तोंडाला जाळी घालावी, नुकसान झाल्यास मालक जबाबदार.

पंजाबात हे पाहिलं, बुंदेलखंडात पाहिलं आणि आता पश्चिम राजस्थानातल्या या पोस्टिंगवर पुन्हा तेच पाहतोय. युनिट बदलतं, साहेब बदलतात, फर्मानाची भाषासुद्धा बदलत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हे फर्मान चुकीचं आहे. उन्हाळ्यात झाड चघळणारा कुत्रा बहुतेक वेळा बांधलेला आहे म्हणूनच चघळतो. त्याला आणखी बांधणं म्हणजे तहानलेल्याला मीठ चारणं. या फर्मानानं कुत्रा वाचत नाही आणि झाडही वाचत नाही. वाचतो तो फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशीचा देखावा.

सगळ्यात आधी जाळीचं बोलू, कारण त्यात जीव जाऊ शकतो. माणूस घामानं थंड होतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना आणि तोही नावापुरता. त्याचा सगळा भार तोंडावर. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, तोंडातल्या आणि नाकातल्या ओलाव्यावरून हवा खेळवायची आणि तो ओलावा उडताना उष्णता बाहेर टाकायची. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39 अंश असतं. ते 41 च्या पुढं गेलं की उष्माघात. मग मेंदू, मूत्रपिंडं, आतडी एकेक करून हार मानायला लागतात. याच मुलखातल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश नोंदले गेले होते. अशा हवेत कापडी किंवा घट्ट पट्ट्याची जाळी घालून कुत्र्याचं तोंड मिटवणं म्हणजे गाडीच्या रेडिएटरसमोर पुठ्ठा बांधून वाळवंटात गाडी काढणं. आपला एकही एमटी ड्रायव्हर हे करणार नाही. मग कुत्र्याच्या बाबतीत लेखी हुकूम का? जाळी वापरायचीच असेल तर टोपलीसारखी, आत तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढता येईल इतकी मोठी हवी आणि तीही थोड्या वेळासाठी, कुणीतरी समोर उभं असताना.

दुसरा उपाय प्रत्येक लायनीत एक तरी जाणकार सांगतोच: "मिर्ची लगा दो साब, सूंघेगा भी नहीं." बुंध्याला तिखट चोपडायचं. धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या नाकातोंडात तिखट गेलं की तो डोळे पंजानं चोळतो, तोंडाला फेस आणतो, पाण्यासाठी तडफडतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारचं झाड धरतो. माळी त्याहून पुढं जातात. वाळवीसाठी बुंध्याला क्लोरोपायरिफॉस मारतात, बुरशीसाठी चुन्यात मोरचूद कालवतात. झाडासाठी ते ठीक असेल, पण त्याच बुंध्याशी कुत्रा बांधलेला असेल तर आपण त्याच्यापुढं विष वाढून ठेवलं. लाळ गळणं, उलट्या, अंग थरथरणं, झटके. हे दिसलं की ऊन लागलं असेल म्हणून थांबू नका. थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या आणि बुंध्याला काय लावलं होतं ते त्यांना सांगा.

तिसरा उपाय म्हणजे दांडका. त्याबद्दल एवढंच सांगतो की मार खाल्लेला कुत्रा चघळणं सोडत नाही, तुमच्यासमोर चघळणं सोडतो.

आता तो चघळतो का, ते पाहू. आमच्या लायनीतला मंगळवेढ्याचा एक जवान मागच्या वर्षी सुट्टीवरून येताना कारवान जातीची कुत्री घेऊन आला. नाव बिजली. वय दहा महिने, अंगावर चरबीचा कण नाही, पाय असे की उभी असली तरी पळतेय असं वाटावं. गावाकडं ती मेंढरांमागं आणि रानातून फिरायची. इथं आली आणि क्वार्टरमागच्या कडुनिंबाला दीड हात साखळीनं बांधली गेली. मे उजाडेपर्यंत कडुनिंबाची साल गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गेली.

जवान माझ्याकडं आला. "साहेब, हिला काय झालंय कळंना. गावाकडं कधी झाडाला तोंड लावलं नव्हतं."

मी एक दुपार तिच्याकडं लक्ष ठेवलं. अकरापर्यंत झाडाची सावली तिच्यावर होती. मग सावली सरकली, साखळी सरकली नाही. तिनं झाडाच्या आळ्यातली ओली माती उकरली आणि त्यात पोट टेकून पडली. कुत्री हे करतातच, गार मातीसाठी. आता बुंधा नाकासमोर. वरून एक खार उतरली, हिला पाहून पुन्हा सरसर वर गेली. बिजली उसळली, साखळीनं मागं ओढली गेली आणि तिनं काय केलं? समोरचं एकच जे दातात येत होतं ते धरलं. पुढचा पाऊण तास ती साल ओरबाडत होती. खार केव्हाच निघून गेली होती.

अमेरिकेत कूनहाउंड म्हणून शिकारी कुत्री असतात. रात्री वास काढत रॅकूनचा माग घ्यायचा, त्याला झाडावर चढवायचं आणि मालक येईपर्यंत बुंध्याशी उभं राहून भुंकत राहायचं, हे त्यांचं पिढीजात काम. त्यातली काही कुत्री झाडाशी पोचल्यावर इतकी पेटतात की बुंधाच चावायला लागतात आणि साल उतरवतात. पळणं थांबलं, शिकार हाताबाहेर वर बसली, अंगातला जोर मात्र उतरलेला नाही. तो सगळा जबड्यात येतो. कारवान वेगळी जात आहे. ती नजरेनं शिकार करते, वासानं माग काढण्यावर तिचा भर नसतो. पण अंगातला जोर अडला की तो जबड्यात येणं, हे दोघांत सारखंच. फरक एवढाच की तिकडचा कुत्रा रात्रभर पळून झाडाशी पोचतो आणि आपण आपल्या कुत्र्याला एक पाऊलही पळू न देता सकाळीच झाडाशी नेऊन बांधतो.

उन्हाळ्यातच हे का वाढतं, तेही यातूनच कळतं. सकाळचं फिरणं उन्हाच्या भीतीनं दहा मिनिटांवर येतं. संध्याकाळचं मालकाची ड्यूटी आणि कूलर खाऊन टाकतात. मुलं घरात, रस्ते ओस, दिवस चौदा तासांचा. कुत्र्याला दिवसभरात करण्यासारखी एकच गोष्ट उरते आणि ती त्याच्यासमोर उभी असते. त्यात लाकूड दातांत धरलं की तोंड निम्मं बंद, म्हणजे ज्या वेळी नुसत्या धापा टाकायच्या त्या वेळी हा जबड्यानं मेहनत करतोय. अंग आणखी तापतं. शिवाय हिरड्यांत रुतणाऱ्या काड्या, टाळूत आडवा अडकणारा तुकडा आणि गिळलंच तर आतड्यात अडकणारी साल.

काही कुत्र्यांना वेगळी कारणंही असतात आणि ती तपासल्याशिवाय कुणी निकाल देऊ नये. चार ते सात महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येत असतात. हिरड्या शिवशिवतात, ते काहीही चावणार. मोठा कुत्रा अचानक माती, लाकूड, वीट खायला लागला तर त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबीऐवजी फिकट दिसल्या तर रक्त कमी झालेलं असू शकतं. उन्हाळ्यात गोचिडी वाढतात, त्यांच्यामार्फत रक्ताचे ताप येतात. पोटातले हूकवर्मही रक्त पितात. असा कुत्रा आजारी असतो आणि आपण त्याला उनाड ठरवून बांधतो. झाड कुठलं आहे तेही पाहा. कडुनिंबाच्या सालीनं फारसं बिघडत नाही. पण ऑफिसांपुढच्या शोभेच्या बागांत कण्हेर आणि सायकस हौसेनं लावलेले असतात. कण्हेरीचा प्रत्येक भाग हृदयावर घाला घालतो, सायकस यकृत निकामी करतो आणि त्याच्या बिया सगळ्यात वाईट. या दोन झाडांजवळ कुत्रा मोकळाही नको आणि बांधलेलाही नको.

आता झाडाची बाजू. "तुम्हाला कुत्र्याचं पडलंय, झाड मेलं तर?" हा सवाल मला तोंडावर विचारला गेलाय आणि तो रास्त आहे. मी ज्या मुलखात बसून हे लिहितोय तिथं जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 साली अमृतादेवी आणि तिच्यासह 363 बिश्नोई माणसांनी खेजडीची झाडं तुटू नयेत म्हणून जीव दिले. इथं झाड म्हणजे सावली, चारा, सांगरीची भाजी. वाळूत एक झाड वाढवायला माणसाची अर्धी नोकरी जाते. झाडाची किंमत मला कळते, म्हणूनच पुढचं सांगतो.

सालीच्या आतल्या थरातून पानांनी बनवलेलं अन्न मुळांपर्यंत जातं. एका बाजूची साल गेली तर झाड हळूहळू जखम भरून काढतं. पण बुंध्याभोवती पूर्ण गोल कंकणासारखी साल गेली तर मुळं उपाशी पडतात आणि झाड उभ्या उभ्या मरतं. कुत्र्याचे दात बहुतेक एका बाजूला लागतात, तो बसतो त्या बाजूला. पूर्ण कंकण कोण कोरतं? बुंध्याला वेढा देऊन कुलूप घातलेली लोखंडी साखळी. कुत्रा दिवसभर इकडून तिकडे ओढत असतो आणि साखळी करवतीसारखी फिरत असते. आमच्या लायनीत वाळलेला शिरीष मी स्वतः पाहिला. दातांच्या खुणा पुढच्या बाजूला होत्या, साखळीचा काप चारी बाजूंनी. दोष मात्र कुत्र्याच्या नावावर लागला. म्हणजे झाड वाचवण्यासाठी निघालेलं "बांधून ठेवा" हे फर्मान झाडालाच कापत होतं.

यावर जे आक्षेप येतात ते मला पाठ झालेत.

"गावाकडं कुत्री बांधलेलीच असतात." दिवसा, काही ठिकाणी, हो. रात्री ती मोकळी सुटतात, शेताला फेरी मारतात, मेंढरांबरोबर कोसभर चालतात. तुमच्या क्वार्टरमधला कुत्रा दिवसाही बांधलेला आणि रात्रीही.

"ड्यूटीतून वेळ कुठं मिळतो?" पहाटे पाचला पीटीसाठी उठणाऱ्या माणसानं हे म्हणू नये. मेमध्ये कुत्र्याला पळवायची योग्य वेळ तीच असते, जमीन गार असते. नंतर तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. आणि खरंच वेळ नसेल, महिनोन्‌महिने फील्डमध्ये जायचं असेल, तर कुत्रा पाळू नका. पाळणं ही सक्ती नाही.

"फौजेत शिस्त असते." बरोबर. मग फौज स्वतःची कुत्री कशी ठेवते ते बघा. मेरठच्या आरव्हीसी सेंटरमध्ये तयार होणाऱ्या कुत्र्याला स्वतःचा हँडलर असतो, कामाची आणि विश्रांतीची वेळ असते, जनावरांचा डॉक्टर असतो. बिजलीच्याच नात्यातली मुधोळ पिल्लं 2016 साली तिथं प्रशिक्षणाला गेली. शिस्त म्हणजे हे वेळापत्रक. दीड हात साखळीला शिस्त म्हणणं हा त्या हँडलरांचा अपमान आहे.

आणि कायदाही ऐका, कारण आपल्याला कागद लागतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा, कलम 11. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं प्राण्याला अवाजवी वेळ बांधणं गुन्हा आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर मालकाचा तोही गुन्हा आहे. कुत्र्याचा वेगळा उल्लेख करून लिहिलेलं पोटकलम आहे ते. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. दंड हास्यास्पद आहे, पण गुन्हा हा गुन्हाच. "दिवसभर बांधून ठेवावीत" असं लेखी कळवणाऱ्यानं आणि ते पाळणाऱ्यानं हे एकदा वाचावं.

आमच्या लायनीत काय केलं, ते थोडक्यात सांगतो, कारण नुसती टीका करणाऱ्याला आमच्याकडं "बातें कम, काम ज़्यादा" ऐकावं लागतं. बिजलीची साखळी झाडावरून काढली. क्वार्टरच्या उत्तरेच्या भिंतीलगत, जिथं दुपारी सावली टिकते, तिथं दोन खांबांमध्ये तार ताणली आणि कडीला लांब दोरी लावली. ती आता पंधरा पावलं सरकू शकते आणि तीही फक्त घरात कुणी नसताना. तिथंच एक खड्डा करून वाळू भरली आणि वर ओलं गोणपाट टाकलं. पाणी मातीच्या दोन पसरट कुंड्यांत, म्हणजे एक सांडली तरी दुसरी राहते. पहाटे पीटीच्या आधी जवान तिला मोकळ्या मैदानात अर्धा तास पळवतो, दिवस मावळल्यावर पुन्हा. दुपारी स्टीलच्या वाटीत गोठवलेलं बिनमिठाचं ताक किंवा काकडी. चाटण्या-चावण्यात तिचा वेळ जातो. पोळीचे तुकडे वाळूत पुरून ठेवले की ती वीस मिनिटं हुंगत बसते आणि मग झोपते. शिजवलेली हाडं बंद केली, ती फुटून टोकदार होतात. झाडांच्या बुंध्याला तीन फुटांपर्यंत कोंबड्यांची जाळी सैल गुंडाळली आणि तिखट, औषध काही लावलं नाही.

बिजलीनं झाड पूर्ण सोडलं का? नाही. खार दिसली की अजून एखादवेळ दात लावते. पण कडुनिंबाच्या जखमेच्या कडेनं नवी साल सरकायला लागली आहे आणि कुत्री दुपारी झोपते. खर्च झाला तो तार, गोणपाट आणि थोडं ताक एवढाच.

कुत्रं धापा टाकता टाकता लडखडलं, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या तर वाट पाहू नका. सावलीत घ्या, सगळ्या अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, पाणी ओतत राहा आणि मग डॉक्टरकडं पळा. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवू नका, टॉवेल तापतो आणि उष्णता आतच राहते.

2022 च्या जुलैत बारामुल्लात अ‍ॅक्सेल पडला, ऑक्टोबरमध्ये झूम गेला. दोघांना आपण सलामी दिली, स्टेटसला फोटो ठेवले, डोळे पुसले. ते खरंच होतं, मी त्याची टिंगल करत नाही. पण ज्या ग्रुपवर ते फोटो फिरले, त्याच ग्रुपवर पुढच्या मेमध्ये "बांधून ठेवावीत" हे फर्मान फिरलं आणि त्यावर अंगठेही उठले.

पुढच्या वेळी फर्मान काढायचंच असेल तर मजकूर मी देतो, सही तुमची असू दे. एक, कुठल्याही झाडाला कुत्रा बांधू नये. दोन, अकरा ते पाच कुत्र्याला सावली आणि पाणी नसेल तर मालक जबाबदार. तीन, बुंध्याला औषध मारण्याआधी लायनीत कळवावं. चार, ज्याला सकाळ-संध्याकाळ कुत्रा पळवता येत नाही त्यानं तो पाळू नये. चार ओळी आहेत. गेरू-चुन्याच्या बादलीपेक्षा स्वस्त पडतील आणि झाडंही जगतील.